रुमालाखालची करंगळी

बाजारातल्या दलालाने मला फसवलं. मी त्याला मामा म्हणत होते, तो मला आक्का म्हणत होता, आणि त्याने मला भर बाजारात, दिवसाढवळ्या, माझा हात हातात धरून फसवलं. मेंढराच्या भावात नव्हे. भावात मला फसवणारा माणूस गेवराई तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. त्याने फसवलं ते माझ्या मेलेल्या माणसांच्या बाबतीत.

मी यात आमच्या जातीचं नाव लिहिणार नाही, आणि त्यांच्या जातीचंही नाही. इकडे जातीचं नाव कानावर पडलं की माणूस पुढचं ऐकत नाही, बाजू घेऊन बसतो. आम्ही मेंढरंवाले, गावाबाहेर गायरानावर वस्ती करून राहणारे. ते गावातले, शेतीवाले. उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्या रिकाम्या रानात बसायला जायची. त्यांना खत मिळायचं, आम्हाला ज्वारी. माझ्या सासऱ्याच्या काळापासून हे असंच चाललं होतं. ज्यांनी आमची पालं जाळली, त्यांतल्या तिघांच्या रानात त्याच वर्षी आमची मेंढरं बसून आली होती. हे मी कोर्टातही सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही.

आठ वर्षं झाली. मोबाईलवर एक फोटो फिरला, डोकं फुटलेल्या एका पोराचा. खाली लिहिलं होतं की मेंढरंवाल्यांनी मारलं. ते पोर कुणाचं, कुठलं, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. गावातलं एकही पोर त्या दिवशी ना हरवलं होतं, ना जखमी झालं होतं. पण दुपारी चारच्या सुमारास दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली, काही आजूबाजूच्या गावांतली आणि बरीच आमच्याच गावातली. मी आणि माझी सासू ओढ्याच्या पलीकडे मेंढरं धुवायला गेलतो. कातरणीच्या आधी धुवावी लागतात. आम्ही काठावरून सगळं पाहिलं. वस्तीतली सात माणसं गेली, त्यातली तीन माझ्या घरातली. नवरा आणि मुलगा तिथेच गेले. दीर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पाच दिवस जगला.

नवऱ्याबद्दल एवढंच सांगते की तो मेंढराचा पाय नुसता हातात घेऊन कुठे दुखतंय ते सांगायचा, पण भाव करायला उभा राहिला की त्याचे कान लाल व्हायचे. समोरचा जे म्हणेल त्याला "बरं" म्हणून मोकळा व्हायचा. म्हणून मी बाजारात त्याच्या मागे उभी राहायचे आणि भाव पटला नाही की त्याच्या सदऱ्याचं टोक ओढायचे. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. तो माझ्यावर गेला होता. त्याचं कोणाशी पटायचं नाही.

ते गेल्यावर घरात राहिल्या दोन विधवा आणि अर्धा कळप. सासू म्हणाली, "इकून टाक समदं आन् जा माहेरी." मी म्हटलं, "आन् तुमी?" ती म्हणाली, "मी मरते की. त्याला काय लागतंय?" मी माहेरी गेले नाही. पुढच्या शुक्रवारी चार मेंढरं घेऊन बाजारात गेले.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. सौदा जुळला की रुमाल उचलायचा. आत काय झालं ते दोघांनाच माहीत, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. याच पद्धतीने बाजार चालतो आणि कुणी शब्द फिरवत नाही, कारण फिरवला तर पुढच्या शुक्रवारी त्याच्या हातात कुणी हात देत नाही.

आता बाईचा हात कोण धरणार, आणि तोही विधवेचा? पहिले दोन व्यापारी मेंढरं बघून, दात मोजून, माझ्या हाताकडे एक नजर टाकून पुढे गेले. एक जण तर म्हणाला, "बाई, घरातला गडी माणूस पाठवा. आमाला इदवा बाईचा हात धरायला बरं वाटत न्हाई."

मी म्हटलं, "मग मेंढरू बी धरू नका. ते बी माझंच हाय."

लोक हसले. तेव्हा हा दलाल पुढे आला. गावातलाच, त्यांच्याच जातीचा, साठीचा माणूस. खांद्यावर कायम लाल चौकड्यांचा रुमाल. म्हणाला, "द्या आक्का हात. मी काय मेंदी बघाया आलो न्हाई." त्याने हात धरला आणि चारही मेंढरं चांगल्या भावाने काढून दिली. त्या दिवसापासून मी त्याला मामा म्हणायला लागले. त्याच्याकडूनच मी बोटांची सगळी भाषा शिकले. वर्षभरात अशी वेळ आली की तलवाड्याकडच्या वस्त्यांवरचे लोक आपली मेंढरं माझ्या हवाली करायचे. "तूच कर भाव," म्हणायचे. मी भांडते, मोठ्याने बोलते, एकदा एका व्यापाऱ्याचा फेटा ओढलाय. पण माझ्या हातात दिलेलं जनावर मातीमोल गेलं नाही.

केस कोर्टात उभी राहायला चार वर्षं गेली. जे सात आरोपी होते ते आधी ऊसतोडीच्या टोळ्यांत शिरून कर्नाटकात गेले. पोलीस गावात आले की बायका सांगायच्या, "टोळीवर गेल्यात." हंगाम संपून परत आले तेव्हा धरले गेले आणि जामिनावर सुटलेही. मग ते बाजारात यायला लागले. चहा पिताना माझ्याकडे पाठ करून बसायचे.

मग मी बाजारच बंद केला.

एका शुक्रवारी मी सगळ्या मेंढरंवाल्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून या बाजारात आपलं एक कोकरूसुद्धा येणार नाही. आपण उमापूरकडे जायचं. ज्यांना पटलं नाही त्यांच्याशी भांडले. ज्यांना भीती वाटली त्यांची मेंढरं मी स्वतः हाकत नेली. दोन महिन्यांत आमच्या गावचा बाजार ओस पडला. मेंढरं नाहीत म्हटल्यावर व्यापारी येईनात, व्यापारी नाहीत म्हटल्यावर हॉटेलात भजी खायला कुणी नाही, चाऱ्याच्या पेंढ्या तशाच पडून. जाळपोळीबद्दल ज्या गावाला चार वर्षांत एकदाही वाईट वाटलं नव्हतं, त्या गावाला बाजाराचं मात्र लई वाईट वाटलं.

सरकारी वकिलांनी मला आधीच समजावलं होतं. म्हणाले, "ताई, तुम्ही आणि तुमच्या सासूबाईंनी पाहिलंय हे खरं. पण तुम्ही मयतांच्या घरच्या. समोरचा वकील म्हणणार, हे रागाने बोलतात. गावातल्या चार जणांनी पोलिसांना जबाब दिलाय, आरोपी ओळखलेत. ते चौघं कोर्टात टिकले तर केस टिकली." ते चौघं म्हणजे हॉटेलवाला, पिठाच्या गिरणीवाला, एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि हा दलाल. चौघंही त्या दिवशी वस्तीच्या रस्त्यावर होते. चौघांनी पहिल्या आठवड्यात, भीतीने किंवा लाजेने, खरं सांगितलं होतं.

म्हणजे माझ्याकडे गावाला हवा असलेला बाजार होता, आणि गावाकडे मला हव्या असलेल्या चार साक्षी. हे मला कळत होतं. दलालालाही कळत होतं.

तो उमापूरच्या बाजारात मला शोधत आला. गर्दी होती. आधी मेंढरांच्या गप्पा मारल्या, दात बघितले, कान ओढले. मग हळूच म्हणाला, "आक्का, गाव म्हणतंय झालं गेलं सोडा. सलोख्याचा कागद करू. तुमी सही करा, बाजार परत चालू करा."

"आन् मला काय?"

"तुमाला काय पायजे?"

"तुमाला ठाऊक हाय मला काय पायजे."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "अशा गोष्टी तोंडानं बोलायच्या न्हाईत. माणसं ऐकत्यात. नावं घेतली तर त्यांच्या घरावर लोक जात्याल." आणि हात पुढे केला.

मी हात दिला. त्याने वर रुमाल टाकला. बघणाऱ्याला वाटलं मेंढराचा सौदा चाललाय. त्याने माझी तर्जनी धरली आणि म्हणाला, "हाटेल." मधलं बोट धरलं. "गिरणी." तिसरं बोट. "डायवर." मग त्याने माझी करंगळी धरली, जरा जास्तच घट्ट, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "ह्यो मी. चौघं बी जबाबावर उभं राहतो. दिला शबूद."

मी रुमाल उचलला. सौदा झाला.

आता जी गोष्ट मी सासूलाही सांगितली नव्हती ती लिहिते. सलोख्याच्या कागदावर मी न वाचता सही केली असं सगळ्यांना वाटतं. मी सातवी शिकलेली आहे. मी तो वाचला होता. त्यात लिहिलं होतं की आमची गावाविषयी काही तक्रार नाही. त्याच्या खाली आणखी एक वाक्य होतं, की घडलेला प्रकार बाहेरच्या अनोळखी लोकांनी केला. मी त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि दलालाला विचारलं, "हे कावून लिवलंय?"

तो म्हणाला, "गावाचं तोंड राहावं म्हणून. चार माणसं कोर्टात उभी राहिली की ह्या कागदाला कोण इचारतंय?"

मला ते वाक्य टोचलं. तरी मी सही केली. का केली? कारण रुमालाखाली शब्द झाला होता. त्या शब्दापुढे कागद म्हणजे चाऱ्याच्या पेंढीवर बांधलेली सुतळी, असं मला वाटलं. पंचायतीतला, तहसिलातला, शाळेतला कुठलाही शिकलेला माणूस ही चूक करणार नाही. ती बाजारातलाच माणूस करतो. मी मेंढरू घेताना तीन वेळा दात बघते. या सौद्यात मी दात बघितलेच नाहीत.

बाजार परत भरायला लागला. पहिल्या शुक्रवारी गावाने माझ्या गळ्यात हार घातला. मी तो लगेच काढला आणि बकरीला खाऊ घातला. लोकांना वाटलं गंमत केली.

मग साक्षी झाल्या, आधी आमच्या दोघींच्या, नंतर त्या चौघांच्या. मी आणि सासू कोर्टाच्या बाकावर मागे बसलो होतो. हॉटेलवाला आला आणि म्हणाला, धूर फार होता, तोंडं दिसली नाहीत. गिरणीवाला म्हणाला, धूर होता. ड्रायव्हर म्हणाला, धूर होता, आणि पोलिसांनी काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नव्हतं. तिघांचं एकच वाक्य, एकाच मापाचं. तरी मी मनात म्हटलं, चौथा आहे. चौथ्याने स्वतःची करंगळी दिलीय.

चौथा आला. खांद्यावर रुमाल नव्हता. कोर्टात येताना काढून ठेवला असेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "धूर लई व्हता सायेब."

मी उभी राहून ओरडले. मला बाहेर काढलं. बाहेर मी काय ओरडत होते ते आज लिहिते, कारण आत कुणी ऐकलं नाही. त्या दिवशी वारा रस्त्याकडून ओढ्याकडे वाहत होता. धूर आमच्याकडे येत होता, रस्त्याकडे नव्हे. आमची धुतलेली मेंढरं धुराने खोकत होती, माझ्या सासूचे डोळे दोन दिवस सुजले होते. तरी आम्ही माणसं ओळखली. आणि जे चौघं रस्त्यावर, वाऱ्याच्या अंगाला, स्वच्छ हवेत उभे होते, त्यांना धुराने दिसलं नाही. मेंढरं पाळणाऱ्या माणसाला वारा कळतो. कोर्टाला वारा विचारता आला असता. कुणी विचारला नाही.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाने तो सलोख्याचा कागद काढला. माझी सही दाखवली. "बाहेरच्या अनोळखी लोकांनी" हे शब्द त्याने दोन वेळा वाचले, दुसऱ्यांदा सावकाश. सगळे सुटले. निकालात लिहिलं आहे, अनोळखी जमाव. माझ्या मुलाला कुणी मारलं? अनोळखी जमावाने. मी त्या जमावातल्या प्रत्येकाच्या रानाची हद्द सांगू शकते.

गाडीतून परत येऊन वस्तीवर उतरल्यावर सासू म्हणाली, "बये, मेंढरं इकताना रुमाल टाकतीस ते ठीक हाय. माझी पोरं कावून टाकलीस रुमालाखाली?"

तिने तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी स्वतःच भाकरी थापून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा. तुला भांडायचंय अजून." वस्तीतले बाकीचे मात्र अजून म्हणतात की हिने काहीतरी घेतलं. मी काय घेतलं? एक हार घेतला होता. तो बकरीने खाल्ला.

यंदाच्या माघात, निकालानंतर अजून वर्ष झालं नव्हतं, मी बाजारात उभी होते. जवळ एक काळा बोकड होता, चांगला भरलेला. दलाल आला. खांद्यावर तोच रुमाल. निकालापासून त्याने मला तोंड दाखवलं नव्हतं, पण धंदा माणसाला निर्लज्ज करतो. त्याच्या मागे सुटलेल्या सात जणांपैकी एक उभा होता. तोच, ज्याला मी माझ्या मुलाच्या मागे धावताना पाहिलं होतं.

दलाल म्हणाला, "आक्का, कंदुरीला बोकड पायजे. तुमच्याइतका चांगला दुसऱ्याकडं न्हाई."

कंदुरी म्हणजे नवसाचं जेवण. आमच्याकडे देवाला असो की दर्ग्याला, नवस फेडायचा तर बोकड कापून लोकांना जेवू घालतात. मी गिऱ्हाइकाला विचारलं, "कशाचा नवस?"

तो खाली बघायला लागला. दलाल म्हणाला, "असंल कशाचा बी. तुमी भाव करा."

"मी ह्याला इचारलं. कशाचा नवस व्हता बे?"

तो पुटपुटला, "सुटलो म्हनून."

तो सुटला म्हणून नवस फेडणार, आणि बोकड माझा. दलालाने खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हाताकडे आणला, सवयीने. त्या क्षणी मला कळलं की त्याला खरंच काही वाटत नाहीये. त्याच्या हिशोबी तो सौदा संपला होता, हा नवा होता.

मी रुमाल ओढून घेतला आणि खाली टाकला. उघडा हात सगळ्यांसमोर पुढे केला. बोटं पसरली. म्हटलं, "मामा, धरा. समद्यांसमोर धरा. हे हाटेल, ही गिरणी, ह्यो डायवर. आन् ही करंगळी कुणाची व्हती ते सांगा."

त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, "आक्का, बाजाराची येळ हाय. माणसं बघत्यात."

"बघू द्या की. आज धूर न्हाई."

कुणीतरी हसलं. तो लाल झाला, रुमाल उचलला, झटकला, आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला. गिऱ्हाईकही गेलं. बोकड मी घरी आणला. तो अजून माझ्याकडे आहे. तो कुणी मागितला तर मी भाव सांगत नाही.

त्या दिवसापासून मी रुमालाखाली हात देत नाही. जो भाव असेल तो मोठ्याने सांगते. व्यापारी चिडतात, म्हणतात मी बाजाराची रीत मोडते. रीत मी मोडली? रीत ज्याने मोडली तो आजही त्याच बाजारात फिरतो, आणि त्याच्या हातात अजून लोक हात देतात. मला राग सगळ्यात जास्त त्याचा येतो. मेंढराच्या भावात शब्द फिरवला असता तर या माणसाला बाजारातून उठवलं असतं. सात माणसांच्या बाबतीत फिरवला, तर म्हणतात, "ते कोर्टाचं हाय, आपल्याला काय करायचंय?"

सरकारी वकील म्हणाले आहेत की वरच्या कोर्टात दाद मागता येते. त्या चौघांपैकी एक जरी प्रतिज्ञापत्रावर म्हणाला की मी आधी खरं सांगितलं होतं आणि कोर्टात दबावाने फिरलो, तर अर्जाला जोर येईल. एकच पुरे. हॉटेलवाल्याला, गिरणीवाल्याला, ड्रायव्हरला मी सोडून देते. त्यांच्याशी माझा कधी सौदा झाला नाही. त्यांची बोटं दुसऱ्याने धरली होती.

पण मामा, तुम्ही माझा हात स्वतः धरला होता. मला बाजारात उभं तुम्ही केलं, हे मी आजही नाकारत नाही. म्हणूनच विचारते. तुम्ही त्या दिवशी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे होता? माझा मुलगा तुमच्यासमोरून पळाला तेव्हा तुम्ही त्याला नावाने हाक मारली होती, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी रडत सांगितलं होतं. मग कोर्टात धूर कुठून आला? तुम्हाला कुणी सांगितलं असं म्हणायला, आणि त्याने तुम्हाला रुमालाखाली कोणतं बोट दिलं?

मी दर शुक्रवारी बाजारातल्या लिंबाखाली उभी असते. हात उघडा असतो. या, करंगळी धरा, आणि मोठ्याने सांगा ही कुणाची होती.